ब्रेक दाबायला ती बसायची

पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला तो मिरचीच्या हंगामात. ब्रेक दाबला की कर्र कर्र, पाटीवर खिळा ओढल्यासारखा. मला आता ऐकायला कमी येतं, पण हा आवाज पायातूनच वर चढतो. ब्रेकचे पॅड संपले होते. त्यात कळायचं काय. मी सारी उमर गाडीवर काढली. भोकरदन ते धावडा काळी-पिवळी जीप हाणली, माणसं आत, माणसं टपावर, माणसं मागं लटकून. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं सगळं रस्त्यानं शिकवलं. जीप म्हातारी झाली तशी विकली, मीही म्हातारा झालो, अन् मंग एक जुनी पांढरी छोटी कार घेतली. ती घेतली पुढंमागं मालकिणीला, माझ्या बायकोला, दवाखान्यात न्यावं लागलं तर म्हणून. मालकीण असती तर म्हणाली असती, दवाखान्याचं निमित्त, तुम्हाला गाडीशिवाय करमत न्हवतं. तेही खरं.

मालकीण जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं, अन् तेवढ्यातच माझं अन् लेकीचं भांडण जुंपलं होतं. आम्हाला एकच लेक. जालन्याला दिलेली, तिथल्याच एका शाळेत शिकवते. तोंड तिनं माझं घेतलं अन् हट्ट आईचा. रोज संध्याकाळी फोन.

"अण्णा, गाडी विकून टाका अन् इकडं या."

"लेकीच्या दारात येऊन पडू का?"

"दारात कशाला पडता? घरात पडा. खोली रिकामीच हाये."

"लोकं काय म्हणतील?"

"लोकं तुम्हाला भाकरी टाकून देऊन राह्यले का?"

भाकरी मीच टाकत होतो, अन् ती कशी होत होती ते मला अन् कुत्र्याला ठाऊक. पण आमच्यात बाप लेकीच्या घरी पाहुणा म्हणून जातो, चहा पितो, अन् उठतो. माझा बाप तर माझ्या बहिणीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचा न्हाई. तिला लेकरू झालं तेव्हा प्यायला. मी त्याच्याइतका कडक न्हाई, जावयाच्या घरी जेवलोय, मुक्कामही केलाय. पण बाडबिस्तरा घेऊन राहायला जाणं वेगळं. अन् खरं सांगायचं तर बापाचं, लोकांचं सगळं बाजूला ठेवा, मला ते घर सोडायचं न्हवतं. दोन खोल्या, पुढं ओटा, अंगण, अंगणाच्या कडेला पत्र्याची न्हाणी. काही विशेष न्हाई. पण प्रत्येक वस्तू तिनं ठेवलेली. मिठाचा डबा तिच्या हाताच्या उंचीवर, मला वाकून घ्यावा लागायचा. मी वाकून घ्यायचो. हलवला न्हाई.

शेवटी लेकच थकली. म्हणाली, "तुम्ही एकटे नीट राहू शकता ना? मंग असं करा. आईच्या वर्षश्राद्धाला मला आणायला तुम्ही स्वतः गाडी घेऊन जालन्याला या. नीट आले, नीट घेऊन गेले, तर मी पुन्हा ह्या गोष्टीचं नाव काढणार न्हाई. तुम्ही तिथंच राहा. पण मधी काही गडबड झाली, काहीही, तर गाडी विकायची अन् गुपचूप माझ्यासंग यायचं."

"कबूल," मी म्हणलं.

"शब्द?"

"शब्द."

मला तर हसूच आलं. जालन्याचा रस्ता! त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला ओळखतो. ह्यात गडबड काय होणार? अन् मंग दोनच दिवसांनी कर्र कर्र.

भोकरदनला जाऊन पुढच्या चाकांचे पॅड घेऊन आलो. दुकानातलं पोरगं म्हणलं, "काका, बसवून देऊ का? मिस्त्री इथंच हाये."

"तू विक. बसवायचं मला येतं."

माझ्या गाडीच्या चाकाला दुसऱ्यानं पाना लावलेला मला कधी चालला न्हाई. हे काम घरी करायचं, अंगणात, सकाळी ऊन ओट्यावर यायच्या आत. तशीच सवय. जीपच्या वेळेपासूनची.

ही सवय कशी लागली ते सांगतो. जीप नवी नवी घेतली होती. बाजाराच्या आदल्या दिवशी ब्रेकचा पाइप गळला. नवा टाकला, पण पाइप बदलला की आत हवा शिरते, ती काढावी लागते, अन् ते काम एकट्या माणसाचं न्हाई. एकानं आत बसून ब्रेकचं पेडल मारायचं अन् दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी बारकी चकली, म्हणजे हवेचा स्क्रू, ढिली करून हवा अन् तेल बाहेर सोडायचं. माझा क्लीनर नेमका कुणाच्या तरी लग्नाला गेल्ता. सकाळी धावड्याची माणसं रस्त्यावर उभी राहणार. मी घरात हाक मारली.

ती पीठ मळून राह्यली होती. हात तसेच घेऊन बाहेर आली. "मी? मला काय कळतं त्यातलं?"

"कळायचं काय त्यात? मी मार म्हणलं की मारायचं, धर म्हणलं की धरायचं, सोड म्हणलं की सोडायचं."

"मंग हे तर मी लग्न झाल्यापासूनच करून राह्यले," ती म्हणाली अन् चढून बसली.

पदर खोचून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, जशी काय जीप उधळून पळणार होती. पाय पुरत न्हवता म्हणून पाठीमागं गोधडी घडी करून लावली. अन् एकदम बराबर केलं तिनं. मार म्हणलं की मारलं, धर म्हणलं की धरलं. क्लीनर मधीच पाय उचलायचा, तंबाखू मळायचा. हिचा पाय दगडासारखा.

तेव्हापासून ते काम तिचंच झालं. लायनर बदलले, पॅड बदलले, पाइप बदलला, काही केलं तरी शेवटी ती बसायची. पुढं पुढं तर सांगावंही लागायचं न्हाई. चाक चढवल्याचा आवाज ऐकला की आतून यायची, बसायची, दाबायची. पेडल वर येऊन कडक झालं की म्हणायची, "आला." एवढंच. गाडी चालवणं तिला कधी आलं न्हाई, शिक म्हणलं तर म्हणायची, मला कुठं जायचंय? पण ब्रेक आला का न्हाई हे तिचा पाय सांगायचा अन् तिनं आला म्हणल्यावर मी पुन्हा बघितलं न्हाई.

अन् मी गाडीखाली गेलो की हिचं तोंड सुटायचं. वर बसून सगळं काढायची. माझ्या बहिणी, माझी उधळेगिरी, माझं टपावर जास्त माणसं घेणं.

"आत्ताच सुचलं का हे?" मी खालून म्हणायचो.

"आत्ताच. एरवी तुम्ही ऐकता कुठं? खाली अडकले की पळता येत न्हाई तुम्हाला."

लेकीची बारावी झाली तेव्हा मी स्थळं बघायला लागलो होतो. हिला ते मंजूर न्हवतं. एकदा असंच हवा काढायचं चाललं होतं. मी म्हणलं, "सोड." ती सोडेना.

"अगं सोड ना, पुढचं चाक करायचंय."

"न्हाई सोडत. आधी पोरीचं सांगा."

"काय सांगू?"

"तिला जालन्याला कॉलेजात घालणार का न्हाई?"

"आपण मंग बोलू."

"मंग सोडीन मी."

मी उताणा, तोंडावर ब्रेक ऑइलचे शिंतोडे, हातात पाना, अन् रस्त्यानं जाणारी माणसं हसून राह्यली. मी म्हणलं, घालतो. ती म्हणाली, मोठ्यानं म्हणा. मी मोठ्यानं म्हणलं. तेव्हा पाय उचलला. माझी लेक आज शाळेत शिकवते ती त्या पायामुळं. लेकीला हे ठाऊक हाये, ती सगळ्यांना सांगते अन् हसते.

शेवटचं ती बसली ती ह्याच छोट्या कारमधी. ह्याच पुढच्या चाकांचे पॅड बदलले होते. मी चाकं कसली, जॅक उतरवला, ती बसली, दोनदा दाबल्याचा आवाज आला अन् मंग काहीच न्हाई.

"आला का?"

मी हत्यारं खाली ठेवली. उठून बघितलं तर तिनं स्टिअरिंगवरच्या हातावर कपाळ टेकवलेलं. घाम आलेला.

"पेडल जड हाये का?"

"पेडल न्हाई जड," ती म्हणाली. "मला दम लागून राह्यला."

जरा वेळानं तिनं पुन्हा पाय ठेवला अन् काम पुरं केलं. आला म्हणाली. मंग उतरली. दुसऱ्या दिवशी भोकरदन, मंग जालना, मंग संभाजीनगर. हृदय मोठं झालं म्हणाले. ती रस्त्यानं म्हणते, "एवढं शिकलेले लोकं, अन् आत्ता कळलं त्यांना?" पुढच्या सीटवर बसायची, वरचं हँडल धरून. मी घाई केली की म्हणायची, "हळू हाणा, मला मरायची घाई न्हाई." पुन्हा पुन्हा तोच रस्ता, तीच पांढरी गाडी. शेवटी डॉक्टर म्हणले, घरी न्या, आराम करू द्या. श्रावणात गेली. सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला, भिंतीला टेकली. मी बाहेर पाण्याच्या मोटारीचं बटण दाबायला गेल्तो. आलो तर गेलेली.

आता पॅडचं सांगतो.

सकाळी अंगणात गाडी घेतली. मागच्या चाकांना दगड लावले. जॅक लावायच्या आधी नट ढिले करायचे असतात, चाक अधांतरी असलं तर गरगर फिरतं अन् नट सुटत न्हाई. ते केलं. मंग उचलली, चाक काढलं, काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवलं, म्हणजे जॅक सटकला तरी गाडी चाकावर बसंल, माझ्यावर न्हाई. पॅड धरून ठेवणाऱ्या ब्रेकच्या जबड्याचे दोन बोल्ट खोलले, जबडा वर उचलला अन् तारेनं स्प्रिंगला टांगला. तो नुसता लोंबकळत सोडला की रबराचा पाइप ताणतो अन् आतून फाटतो.

जुने पॅड हातात घेतले. आतल्या बाजूचा तर निव्वळ लोखंड राह्यला होता, मसाला नखाएवढाही न्हवता. अन् तसाच तो हातात धरून मी बसून राह्यलो. कारण हे तेच पॅड होते. तिनं शेवटचे दाबून बसवलेले. भोकरदन, जालना, संभाजीनगर, जाताना अन् येताना, प्रत्येक गतिरोधकावर, प्रत्येक वळणावर, ती हळू हाणा म्हणाली तेव्हा, हे घासत गेले होते. तिचं आजारपण अन् ह्यांचं झिजणं एकाच रस्त्यावर झालं. ती आधी संपली. हे वर्षभर पुरले.

वहिनीनं भिंतीवरून डोकावून बघितलं. वहिनी म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको, भाऊ कधीचाच गेलेला, पलीकडंच राहते. "भाऊजी, मूर्ती घेऊन बसल्यासारखे काय बसले?"

"काम करून राह्यलो."

"दिसून राह्यलं."

उठलो. पॅड भंगारात टाकले. पॅडला दाबणारा पिस्टन बाहेर आलेला असतो, नव्या पॅडला जागा करायला तो आत ढकलावा लागतो. सुताराचा शिकंजा लावून हळूहळू आवळला. पिस्टन आत जाताना तेल मागं वर चढतं, म्हणून बोनेट उघडून तेलाच्या डबीवर नजर ठेवली, भरून सांडलं तर रंग खातं. न्हाई सांडलं. सगळं साफ केलं, पिनांना ग्रीस लावलं, पॅडच्या तोंडाला बोट लागू दिलं न्हाई. बसवलं, कसलं, चाक चढवलं. मंग उजवी बाजू. ती डावीपेक्षा जल्दी झाली. गुडघे बोंबलत होते, पण हात चुकला न्हाई एका ठिकाणी. जॅक उतरवला, नट पुन्हा कसले, चाकामागचे दगड काढले, हत्यारं पुसून पोत्यात गुंडाळली. हात धुतले. मनात म्हणलं, बघ पोरी. म्हातारा अजून कामातून गेला न्हाई.

गाडी सुरू केली. तोंड रस्त्याकडं होतं, पण फाटकाला तिरकी होती, सरळ करायला जरा मागं घ्यावी म्हणून रिव्हर्स टाकला. गाडी मागं सरकली. थांबवायला ब्रेकवर पाय दिला.

पाय खाली गेला. थेट खाली. पायरी हाये समजून पाय टाकावा अन् पायरीच नसावी, तसा. मी हँडब्रेक ओढला तोवर मागनं धडाड आवाज झाला. न्हाणीचा पत्रा आत गेला, बंब उलटला, गाडी हिसका देऊन बंद पडली.

वहिनी पळत आली. "भाऊजी! ओ भाऊजी! जिवंत हायेत का?"

"हाये."

"मंग न्हाणी कशाला मारली?"

"ब्रेक लागला न्हाई."

"अन् सकाळपासून तुम्ही काय दुरुस्त करून राह्यले होते?"

मी हँडब्रेक आणखी वर ओढला.

"नशीब मी आंघोळीला न्हवते."

"माझ्या न्हाणीत तुम्ही कशाला याल आंघोळीला?"

"आपलं बोलले," वहिनी म्हणाली अन् कमरेवर हात ठेवून पत्र्याकडं बघत राह्यली.

मी सीटवरच बसून होतो. डोकं चालेना. नट बघितले मनातल्या मनात, बोल्ट बघितले, तेल बघितलं. सगळं बराबर. अन् मंग एकदम कळलं. पिस्टन आत ढकलला की पॅड अन् चाकासंग फिरणाऱ्या चकतीच्या मधी पोकळी राहते. ती भरून काढायला गाडी हलवायच्या आधी पेडल मारायचं असतं, कडक होईपर्यंत. हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मलाही ठाऊक. दुसऱ्यांना मीच सांगायचो. पण मी ते आयुष्यात केलेलं न्हवतं. माझं काम नट कसून संपायचं. पुढचं तिचं होतं. मी हत्यारं पुसायचो तेव्हा ती दाबून राह्यलेली असायची. आजही मी हत्यारं पुसली. अन् माझ्या हातांना, पायांना वाटलं, झालं.

मी पेडल दाबलं. खाली गेलं. पुन्हा दाबलं, जरा वर आलं. पुन्हा. पुन्हा. मंग कडक झालं, पायाखाली धरलं. एवढंच काम. लहान लेकरानं करावं असं. अन् तेव्हा आणखी एक कळलं. पाइप बदलला, हवा काढायची असली, तर दुसरं माणूस लागतं. नुसते पॅड बदलले तर लागतच न्हाई. आपलं आपण बसायचं अन् दाबायचं. इतकी वर्षं मी पॅड बदलले अन् तिला हाक मारली, तिचं पीठ, तिचं दूध, तिचे कपडे टाकून ती येत राह्यली, अन् मी कधी म्हणलं न्हाई की तू राहू दे, मी दाबतो. तीही म्हणाली न्हाई. तिला कळत न्हवतं असं मला वाटत न्हाई. तिला सगळं कळायचं.

मी स्टिअरिंगला धरून रडलो. वहिनीसमोर. आवाज काढून.

वहिनी जवळ येऊन उभी राह्यली अन् म्हणाली, "रडा. तेराव्यालाही रडले न्हवते तुम्ही, मी बघितलं होतं. सगळ्यांना पत्रावळी वाढत फिरत होते." मंग तिनं बंब उचलून सरळ केला, आत जाऊन चहा करून आणला. साखर जास्त.

"लेकीला सांगू नका," ती म्हणाली. तिला आमचा शब्द ठाऊक होता, साऱ्या गल्लीला ठाऊक होता. "पत्रा मी माझ्या लेकाकडून ठोकून घेते. गाडीला काही झालेलं दिसत न्हाई. तुम्ही जा जालन्याला, घेऊन या तिला. कोण सांगणार हाये?"

ती बरंच खरं बोलत होती. मागचा बंपर जरा चेपला होता, बस्स. संध्याकाळपर्यंत मलाही ते पटलं होतं. संध्याकाळी मी ओट्यावर बसलो. समोरून मिरचीच्या गाड्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात चालल्या होत्या, एकामागं एक, गोण्यांवर माणसं बसलेली. शाळेची पोरं रस्त्याच्या कडेनं, कडेनं कसली, रस्त्यातूनच. मला आलं मनात, गाडी तिरकी नसती तर? सरळ असती तर मी मागं घेतलीच नसती. थेट फाटकातून ह्यांच्यात घुसलो असतो. न्हाणीच्या जागी ही पोरं.

अन् ते पॅडपुरतं न्हवतं. मी ह्या घराकडं बघितलं. माझं घर. ह्या घरात अजून अशी किती कामं हायेत जी मी तिच्यावर सोडली, अन् मला ती सोडली हेसुद्धा ठाऊक न्हाई? ठाऊक असलेलं काम मी शिकलो. भाकरी शिकलो, झाडणं शिकलो. पण मी हात धुवून झालं म्हणतो तिथून पुढं ती काय काय करायची, ते मला कोण सांगणार? गॅसचं असंल, विजेचं असंल, माझ्याच गोळ्यांचं असंल. ते मला तेव्हाच कळणार जेव्हा पाय खाली जाईल.

सकाळी मीच फोन लावला.

"अण्णा? इतक्या सकाळी? बरं हाये ना?"

"गाडी न्हाणीवर घातली मी."

"लागलं का?"

"न्हाणीला लागलं."

"अण्णा, मस्करी करू नका. तुम्हाला लागलं का?"

"न्हाई. पॅड बदलले अन् पेडल मारायचं राहून गेलं. तुझी आई मारायची."

तिकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. शाळेत जायची तयारी चालली असंल तिची. मंग म्हणाली, "गाडी आता ठीक हाये का?"

"गाडी ठीक हाये. ब्रेक कडक हाये."

"मंग या न्यायला, ठरल्यासारखं. हे घरातल्या घरात झालं, रस्त्यावर न्हाई. मी हे धरत न्हाई."

माझी लेक. कोर्टात उभी केली तर वकिलाला रडवंल, अन् तिनं मला मोकळं सोडलं. मी हो म्हणायला पाहिजे होतं. फोन हातात धरून मी मिठाच्या डब्याकडं बघत होतो.

"मी धरतो," मी म्हणलं.

"काय?"

"शब्द झाला होता ना. काहीही गडबड म्हणली होती तू. झाली. खोली झाडून ठेव."

मला वाटलं ती खूष होईल. ती हुंदके द्यायला लागली. "तुम्हाला यायचं न्हाई ना पण," ती म्हणत राह्यली, "तुम्हाला यायचं न्हाई." मी म्हणलं, "न्हाईच यायचं. तरी येतो." अन् फोन ठेवला.

तिला आणायला मीच गेलो जालन्याला. गाडी एकदम नीट चालली. प्रत्येक वळणावर ब्रेक जिथं पाहिजे तिथं लागला, आवाज न्हाई, ओढ न्हाई. लेक शेजारी बसून होती, पूर्ण रस्ता ब्रेकबद्दल एक शब्द बोलली न्हाई. वर्षश्राद्ध झालं. भावकी जेवली. घास ठेवला तर कावळा लगेच आला, वहिनी म्हणाली, बघा, तिची काही इच्छा राह्यली न्हाई. मी मनात म्हणलं, तिची न्हाई राह्यली.

दुसऱ्या दिवशी निघायचं. कपडे एका पिशवीत मावले. लेक म्हणाली, "आईचं काय घ्यायचं?" मी म्हणलं, "तुला पाहिजे ते घे." तिनं एक लुगडं घेतलं अन् मिठाचा डबा उचलला. मी म्हणलं, "तो राहू दे. तिथंच."

सगळं बाहेर काढलं, दार ओढलं, अन् कुलूप सापडेना. आमच्या घराला कुलूप कधी लागलंच न्हवतं. दोघांतलं एक कायम घरी असायचं, अन् दवाखान्याला गेलो तर नुसती कडी, वहिनी पलीकडंच. कुलूप होतं मात्र, पितळेचं, मी बघितलेलं. पेटीत बघितलं, फळीवर बघितलं, पिठाच्या डब्यामागं, देव्हाऱ्याखाली. लेकीनं सगळी अंथरुणं झटकली. कुठं ठेवलं ते तिलाच ठाऊक.

शेवटी वहिनी आपल्या घराचं कुलूप काढून घेऊन आली. "हे लावा. माझ्या घरात काय चोरायचं? मीच बसलेले असते."

लावलं. ओढून बघितलं. किल्ली तिलाच देऊन टाकली. तिनं ती पदराला गाठ मारून बांधली.

"कधी येणार भाऊजी?"

"बघू."

"बघू म्हणजे न्हाई," वहिनी म्हणाली.

मी गाडीत बसलो. जालन्यापर्यंत न्यायची अन् तिथं विकून टाकायची, जावयानं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. लेक शेजारी बसली. म्हणाली, "अण्णा, एकदा मागं बघून घ्या."

"कशाला?"

फाटकाबाहेर मिरचीच्या गाड्यांची रांग लागली होती. कुणीतरी वाट देईपर्यंत आम्ही तिथंच थांबून राह्यलो.